सालोमेआबाईंचे बूट

१

चित्रकार तिमोन झारेम्बा याच्या घराचं संग्रहालय तार्नुव गावात आहे आणि तिथे शिरताना बुटांवर नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, सपाता बांधाव्या लागतात. आमच्याकडे जुनी लाकडी फरशी असली की हीच पद्धत. दाराशी खोका, खोक्यात सपातांचा ढीग, सगळ्या एकाच मापाच्या, म्हणजे कुणालाच धड न बसणाऱ्या. नाड्या घोट्याभोवती गुंडाळायच्या आणि पाय न उचलता घसटत चालायचं. लोक चित्रं बघत हिंडतात, फरशीला आपोआप चकाकी येते. मी जन्मभर अशाच फरश्या पुसत आलो. कलेच्या इतिहासाचा प्राध्यापक दुसरं काय करतो?

माझं नाव एमिलियान कोस. क्राकूवला तीस वर्षं शिकवलं. युरोपातल्या आधुनिक चित्रकलेवर बोलायला लागलो की मी कुणाला आवरत नाही, पण खरं सांगायचं तर माझी सगळी कारकीर्द एका जेवणघरावर उभी होती. झारेम्बानं आयुष्यभर स्वतःचं जेवणघर रंगवलं, तेही एकाच खुर्चीत बसून. सुरुवातीच्या चित्रांत समोरच्या भिंतीत एक उघडं दार दिसतं. दाराआड बिनखिडकीची कोठी, कोठीत अंधार, आणि अंधारात एक राखाडी डाग. दर चित्रागणिक तो डाग थोडा मोठा होत जातो. मुलं वर्गात विचारायची, "सर, तिथे कुणी उभं आहे का?" मी म्हणायचो, "गोष्ट शोधू नका. रंग बघा."

मग १९१२ साल येतं आणि दारच नाहीसं होतं. त्याच्या जागी भांड्यांचं भलंमोठं कपाट, समोरून काढलेलं, सपाट. नजर आत शिरायला फट नाही. कपाटाच्या पायाशी काळ्या बायकी बुटांचा एक जोड. झारेम्बानं समोरचं उघडं दार जाणूनबुजून चित्रातून हाकलून लावलं, पॅरिसमध्ये मोठमोठे लोक ज्या सपाटपणासाठी धडपडत होते तो या माणसानं इथे एकट्यानं साधला, असं मी पुस्तकात मांडलं. त्या बुटांच्या दोन काळ्या ठिपक्यांवर तर अख्खं प्रकरण लिहिलं. पुस्तक जर्मनमध्ये गेलं, इटालियनमध्ये गेलं, मला प्राध्यापकी मिळाली.

वॉर्सॉचा विल्क तेवढा प्रत्येक परिषदेत उठून उभा राहायचा. "कोससाहेब, एक बाळबोध शंका. कपाट खरंच तिथे असलं तर? माणसानं समोर दिसलं तेच काढलं असलं तर?" लोक हसायचे, मीही हसायचो. परतीच्या गाडीत मात्र मला झोप लागायची नाही. कारण विल्क बरोबर असेल, तर माझ्या तीस वर्षांचं मोल एका कपाटाएवढं होतं.

२

निवृत्तीला वर्ष उरलं असताना घराची दुरुस्ती निघाली आणि जेवणघर मूळ रूपात मांडायचं काम माझ्याकडे आलं. मी हरखलोच. कपाट त्या घरात अजून दारासमोर उभं होतं हे खरं, पण माझ्या मते ते नंतर कुणीतरी चित्रं बघून तिथे नेऊन ठेवलं असणार. ते मूळच्या जागी, खिडकीशी हलवायचं, दार मोकळं करायचं आणि शेजारी सपाट चित्र ठेवायचं. एकदा दार बघा, एकदा चित्र बघा. विल्कचं तोंड कायमचं बंद.

१९१२ सालचं ते घर पाहिलेलं एकच माणूस हयात होतं. झारेम्बाची मुलगी सालोमेआबाई. सत्तरी ओलांडलेली, काठीसारखी ताठ, स्वयंपाकघरामागच्या दोन लहान खोल्यांत राहायची. घर सरकारला देताना तिनं मरेपर्यंत तिथे राहायचा हक्क लिहून घेतला होता. आणि साऱ्या घरात सपाता न घालणारी तीच एक. टाचांना लोखंडी नाल ठोकलेले उंच बूट घालून ती फरशीवरून टाक टाक करत जायची, आणि देखरेखीला बसणारी गेनोवेफा विणकाम खाली ठेवून कपाळाला हात लावायची.

मी चहाला गेलो. खसखशीचा केक होता.

"कपाट कधीपासून आहे तिथे?"

"आई गेली तेव्हापासून. मी सहा वर्षांची होते."

"गेली म्हणजे?"

"गेली म्हणजे गेली. सहा वर्षांच्या मुलीला कोण सांगत बसतंय?" तिनं केकचा तुकडा माझ्या बशीत ढकलला. "खा, खसखस आहे, विष नाही. त्या दिवशी तिनं आपले नालांचे बूट काढले होते. पाय सुजले होते तिचे. ते आठवतं, आणि बाबांनी कपाट ओढलं त्याचा आवाज आठवतो."

सहा वर्षांच्या मुलीची आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. त्यामुळे मी ती तिथेच सोडून दिली.

"आणि वडील?"

"बाबा जेवण झालं की त्या खुर्चीत. समोर कपाट, हातात ब्रश. मी म्हणायचे, बाबा, रोज तेच तेच काय काढता? तर म्हणायचे, गप्प बस, ऐकू दे."

"बघू दे म्हणत असतील."

"बाबा माझे होते की तुमचे?"

मी हसलो. ती हसली नाही.

"कपाट हलवू नका, प्रोफेसरसाहेब. मी मेले की काय हवा तो गोंधळ घाला. फार दिवस नाही थांबावं लागायचं."

"बाई, मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय," मी बोलून गेलो.

ती खो खो हसत सुटली. "म्हणजे आपली शर्यतच लागली म्हणायची!"

३

सुतारांनी जुन्या सपाता कापून कपाटाच्या पायांखाली नमद्याचे तुकडे सारले. एवढं अवजड धूड, पण खिडकीपर्यंत लोण्यातून सुरी जावी तसं सरकत गेलं. मागे बोटभर धूळ, कोळ्यांची जाळी, आणि दार. रंगाखाली बिजागऱ्या गच्च धरल्या असतील म्हणून सुतारानं पटाशी काढली होती. ती लागलीच नाही. मी मूठ फिरवली आणि दार उघडलं.

कोठी रिकामी होती. खिळा नाही, फळी नाही, चुन्याच्या भिंती आणि खाली लाकडी फरशी. मी खूश होऊन मोजपट्टी काढत होतो, तेवढ्यात गेनोवेफा मागून म्हणाली, "इथे कोण पुसतं हो?"

मी खाली पाहिलं. फरशी चकाकत होती. सगळी नव्हे. भिंतींच्या कडेनं, कोपऱ्यांशी वळत, दारापर्यंत येऊन पुन्हा आत जाणारा एक पट्टा तेवढा आरशासारखा लखलखत होता. बाहेर जेवणघरातही जिथे लोक चालतात तिथे असाच पट्टा पडतो.

"मी नाही पुसत," गेनोवेफा म्हणाली. "माझ्या पगारात ही कोठी धरलेली नाही, आत्ताच सांगून ठेवते."

मी तिला समजावलं, की बंद जागेत वारा नाही, वारा नाही म्हणून धूळ नाही, आणि जुनं मेण टिकून राहतं. सुतारांनी माना डोलावल्या. गेनोवेफानंही डोलावली. मला मात्र दाराच्या अलीकडची बोटभर धूळ दिसत होती. मी त्या धुळीकडे पाठ केली आणि मापं घ्यायला लागलो.

४

काम हिवाळाभर चाललं. संग्रहालय बंद, जेवणघरात मी आणि बाहेर जिन्याच्या माथ्यावरच्या दालनात गेनोवेफा. नमद्याचा आवाज तुम्ही ऐकला असेल तर कळेल, तो आवाज कानात शिरतच नाही. सर्र, थांबणं, सर्र. बऱ्याच दिवसांनी तो माझ्या ध्यानात आला तो गेनोवेफामुळे.

एकदा दुपारी ती दारात येऊन म्हणाली, "साहेब, तुम्ही फार फिरता बुवा. बसा की जरा."

"मी मघापासून इथून उठलेलो नाही. मला वाटलं तुम्ही फिरताय."

"माझं तर टाके मोजणं चाललंय."

आम्ही दोघं कोठीच्या दाराकडे पाहायचं टाळत उभे राहिलो.

"उंदीर असतील," ती म्हणाली.

"सपाता घातलेले?"

"या घरातल्यांचं काही सांगता येत नाही," असं म्हणून ती परत गेली, पण त्या दिवसापासून तिनं खुर्ची जिन्याच्या बाजूला सरकवली.

मी स्वतःला बरंच काही सांगितलं. वीट तापते, लाकूड आकसतं, शेजारच्या घराच्या भिंतीला भिंत आहे. माणूस शिकलेला असला की कारणांना तोटा नसतो. पण मी पाठ दाराकडे करून बसणं सोडलं, आणि संध्याकाळी चार वाजता अंधारायला लागलं की मोजपट्टी खिशात टाकून स्टेशन गाठायला लागलो.

सालोमेआबाई रोज टाक टाक करत यायची आणि जेवणघराच्या उंबऱ्यावर थांबायची. आत पाऊल टाकायची नाही. एकदा मी चिडून म्हणालो, "अहो बाई, ते नाल काढा की. नवीन मेण चढवलंय, खड्डे पडतात."

"माझं चालणं ऐकू यायला हवं," ती म्हणाली. "मी चालते ते ऐकू येतं. मग जे ऐकू येत नाही ते मी नाही, हे सगळ्यांना कळतं."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

"तुम्हाला, मला." तिनं हनुवटीनं दाराकडे खूण केली. "आणि त्यालाही."

मला तिची कीव आली, आणि थोडी भीतीही वाटली. त्या भीतीचा मला राग आला.

५

उद्घाटन फेब्रुवारीत, दुपारी होतं. खालच्या दालनात सपाता बांधणाऱ्यांची झुंबड उडाली होती. मंत्रालयातून माणूस आला होता, क्राकूवचे माझे सगळे विद्यार्थी आले होते आणि विल्क चक्क टाय लावून आला होता. सालोमेआबाई काळा पोशाख घालून, गळ्याशी अंबरच्या पिवळ्या खड्याचा ब्रोच लावून जिन्यावरून उतरली, नाल वाजवत. गर्दी वळून बघायला लागली.

"बाई, आज तरी," गेनोवेफा कळवळून म्हणाली.

उंच बुटांवर सपातांच्या नाड्या पुरेनात. मीच पुढे झालो. "तुमच्या वडिलांचा दिवस आहे. तासभर बूट काढून ठेवा, नुसत्या मोज्यांवर सपाता बांधू."

"बूट काढू म्हणता?"

"फक्त तासभर."

ती बाकावर बसली. मी गुडघे टेकून तिच्या नाड्या सोडल्या. लोकांना ते दृश्य फार आवडलं. मी सपाता बांधत असताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात थंड होता.

"आता मी चालले तर कळायचं नाही," ती हळूच म्हणाली. "मी कुठे आहे तेवढं बघत राहा. राहाल ना?"

"मी आहे ना," मी म्हणालो.

माझं भाषण झकास झालं. उघडं दार, शेजारी सपाट चित्र, मी मधे. लोक एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. सालोमेआबाई वडिलांच्या खुर्चीत बसली होती, मी दोनदा पाहिलं. मग विल्क गर्दीतून पुढे आला, माझा हात धरला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "हरलो, कोससाहेब." त्यानंतर मी तिच्याकडे पाहिलं नाही. हात मिळवत होतो, गालाला गाल लावत होतो, कुणीतरी वाइनचा पेला पुढे करत होतं. एवढ्या पायांखाली नमदा घासत होता, की घर श्वास घेतंय असं वाटत होतं.

६

मंडळी मेजवानीला पुढे गेली. गेनोवेफा खाली सपाता गोळा करून खोक्यात भरायला लागली. मी जेवणघरात कागद आवरत होतो. खिडकीतला उजेड विझत आला होता. सर्र असा आवाज आला.

"सालोमेआबाई?"

खुर्ची रिकामी होती.

आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, पण आता ती दोघांची चाल होती. एक सराईत, लांब. दुसरी तिच्यामागे, आखूड, ओढल्यासारखी. आवाज भिंतीच्या कडेनं, कोपऱ्याशी वळून, दाराकडे येत होता.

दारात तो राखाडी रंग होता. मी तो कुठेही ओळखेन, पांढऱ्यात काजळी आणि हिरव्याची किंचित झाक. मी त्याच्यावर तीस वर्षं बोललो होतो. माणसाएवढा उंच, कडा नसलेला. तो चौकटीच्या आत होता, मग चौकटीत आला. त्याच्या आड, खाली, एक पिवळा ठिपका चमकला. तो अंबर होता का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. मी स्वतःला रोज विचारतो.

मी दार ढकलून लावलं आणि कपाटाकडे धावलो. माझ्या वयाच्या माणसाला ते हलायला नको होतं. पण नमद्याचे तुकडे तसेच होते, आणि कपाट माझ्याआधीच निघाल्यासारखं सरकलं. दार झाकलं गेलं. मी कपाटाला पाठ लावून फरशीवर बसलो.

गेनोवेफा वर आली. "हे काय, कपाट कुणी... आणि बाई कुठायत? स्वयंपाकघरात नाहीत, मागेही नाहीत."

तेवढ्यात कपाटामागून आवाज आला. टाक. टाक. टाक. लोखंडी नालांचा, सावकाश, ताठ.

गेनोवेफाच्या जिवात जीव आला. "त्या बघा! आत अडकल्यात बाई. अहो, उठा ना, सरकवा ते, म्हातारं माणूस आहे." ती कपाटाला हात लावणार, तोच थबकली. तिनं उघड्या दारातून खालच्या दालनाकडे पाहिलं. बाकाखाली सालोमेआबाईंचे बूट शेजारी शेजारी ठेवलेले होते, मी ठेवले होते तसेच.

आत टाक टाक चालू होतं. भिंतीपर्यंत जायचं, परत यायचं, कपाटामागे थांबायचं.

तिनं मला सांगितलं होतं, ऐकू येते ती मी. आणि मी तिला शब्द दिला होता. मी हात उचलून कपाटाच्या कडेवर ठेवला, हे मला आठवतं. कपाट ढकललं नाही, हेही आठवतं. गेनोवेफानं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, मग तीही माझ्या शेजारी पाठ लावून बसली. कुणी हाक मारली असती तर मी उठलो असतो, असं मी म्हणतो. आतून कुणी हाक मारली नाही.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आले. चौघांनी कपाट हलवलं, दार उघडलं, दिव्याचा झोत टाकला. कोठी रिकामी. म्हातारी गर्दीत भांबावली, सपातांवरच बर्फात बाहेर पडली, असं लिहून त्यांनी नदीकाठ धुंडाळला. काही सापडलं नाही. मी त्यांच्या मागे उभा होतो. त्या चकाकत्या पट्ट्यावर नखाएवढ्या चंद्रकोरी उमटल्या होत्या, दारापासून भिंतीपर्यंत आणि परत दारापर्यंत. पोलिसांना त्या दिसल्या नाहीत, मी दाखवल्या नाहीत. कपाट जागच्या जागी ठेवा म्हणालो तेव्हा त्यांनी ठेवलं.

वसंतातल्या परिषदेत मी उठून सांगितलं, की कपाट पहिल्यापासून तिथेच होतं आणि झारेम्बानं समोर दिसलं तेच काढलं. कुणी हसलं नाही. विल्क जिंकल्यावर नाचेल असं वाटलं होतं, पण तो जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "बरं नाही का तुम्हाला?" माझं पुस्तक आता कुणी वाचायला लावत नाही. मला त्याचं दुःख होईल असं वाटलं होतं, तेवढं होत नाही.

मी क्राकूव सोडलं. तार्नुवमध्येच जागा घेतली. सोमवारी संग्रहालय बंद असतं, तेव्हा गेनोवेफा मला आत घेते आणि मी झारेम्बाच्या खुर्चीत बसतो. तो आवाज रोज येतो असं नाही.

गेल्या सोमवारी खुर्चीत बसलो आणि समोर पाहिलं. कपाट होतं, आणि कपाटाच्या पायाशी काळ्या बुटांचा जोड.

"बाकाखाली लोकांच्या पायात येत होते," गेनोवेफा मागून म्हणाली. "म्हटलं, बाईंचे बूट बाईंच्या घरात राहू देत. उचलू का?"

ज्या दोन काळ्या ठिपक्यांवर मी अख्खं प्रकरण लिहिलं होतं, त्यांच्याकडे मी बघत बसलो. आई गेली त्या दिवशी तिनं बूट काढले होते, असं एका मुलीनं मला चहा पिता पिता सांगितलं होतं. मग झारेम्बा मरेपर्यंत इथे बसला, जवळजवळ पंचवीस वर्षं.

"साहेब, उचलू का बूट? अहो, तुमच्याशी बोलतेय."

कपाटामागे टाक टाक सुरू झालं होतं. आणि त्याच्यामागे, नीट कान दिला तर, आणखी एका बाईचे नाल होते.

"गप्प बसा, गेनोवेफाबाई," मी म्हणालो. "ऐकू द्या."